मदतीचा चेक कुणाच्या नावाने?

आर्थिक संकट आले की सरकार आधी आकडा जाहीर करते. मे २०२० मध्ये आपण २० लाख कोटींचा आकडा ऐकला. अर्थमंत्र्यांच्या पाच दिवसांच्या पत्रकार परिषदा संपेपर्यंत हिशेब लागत नव्हता की यात कर्जाची हमी किती, बँकांना उपलब्ध केलेली रोकड किती आणि पायी गावाकडे निघालेल्या मजुराच्या हातात थेट पडणारे पैसे किती. तोवर निम्म्या लोकांनी आकड्यावर टाळ्या वाजवल्या होत्या आणि निम्म्यांनी त्याच आकड्यावर विनोद केले होते.

मदतीचा कार्यक्रम आकड्यावरून तोलण्याची ही खोड जुनी आहे. ती किती फसवी आहे हे पाहायचे तर १९३० च्या दशकातल्या अमेरिकेकडे जावे लागते. महामंदीतून देश सावरण्यासाठी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आखलेल्या ‘न्यू डील’ या कार्यक्रमांवर आजही वाद होतो तो सरकारने खर्च जास्त केला की कमी, एवढ्याच मुद्द्यावर. माझ्या मते तो प्रश्न दुय्यम आहे. अर्ज कोण तपासतो, पैसे किती दिवसांत निघतात आणि चेकवर नाव कुणाचे असते, या तीन गोष्टींवर त्या कार्यक्रमांचे बरेवाईट ठरले. त्यातही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोलले जाते.

१९३३ च्या सुरुवातीला अमेरिकेत दर चार कामकऱ्यांमागे एक बेकार होता. सव्वा कोटीहून जास्त माणसे. आधीचे अध्यक्ष हूव्हर हातावर हात ठेवून बसले होते हा समज चुकीचा आहे. जुलै १९३२ च्या कायद्याने त्यांनी राज्यांना मदतकार्यासाठी ३० कोटी डॉलर ठेवले होते. पण ते कर्ज होते, तीन टक्के व्याजाने, आणि राज्याने आधी आपली तिजोरी रिकामी असल्याचे पटवून द्यायचे होते. वर्ष संपले तेव्हा जेमतेम तीन कोटी वाटले गेले होते. बँकांना सावरण्यासाठी काढलेल्या वित्त महामंडळाचीही तीच गत. कर्ज घेणाऱ्या बँकांची नावे जाहीर होऊ लागली, आणि ज्या बँकेचे नाव छापून आले तिच्या दारात दुसऱ्या दिवशी ठेवीदारांची रांग. औषध घेतले म्हणून रोगी बदनाम झाला, मग औषध घेणार कोण?

रूझवेल्ट ४ मार्च १९३३ ला सत्तेवर आले आणि ६ मार्चला देशातल्या सगळ्या बँका बंद करण्याचा हुकूम निघाला. पुढच्या आठवड्यातले काम अगदी कारकुनी होते, आणि म्हणूनच पाहण्यासारखे आहे. आठवड्याभरात हजारो बँकांची दप्तरे तपासणे कुणालाच शक्य नव्हते. मग हाताशी असलेल्या जुन्या तपासणी अहवालांवरून प्रतवारी लावली: धडधाकट, संशयित आणि बुडीत. धडधाकट बँकांना परवाने दिले. १३ मार्चला फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेची कार्यालये असलेल्या बारा शहरांतल्या बँका उघडल्या, दुसऱ्या दिवशी क्लिअरिंग हाउस (बँकांचे आपसांतले चेक वटवण्याचे केंद्र) असलेल्या शहरांतल्या, तिसऱ्या दिवशी उरलेल्या. आदल्या रविवारी रात्री, १२ तारखेला, रूझवेल्ट यांनी रेडिओवरून लोकांना साध्या भाषेत सांगितले की गादीखाली ठेवण्यापेक्षा उघडलेल्या बँकेत पैसा सुरक्षित आहे. सोमवारी लोक रांगेत उभे राहिले, पण पैसे भरायला.

कायमचा उपाय जूनमध्ये आला: ठेवींचा विमा. स्वतः रूझवेल्ट त्याला राजी नव्हते. चांगल्या बँकांच्या हप्त्यावर वाईट बँका जगतील ही त्यांची शंका, आणि ती अगदीच फोल नव्हती. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, रेटून विमा करून घेतला. १ जानेवारी १९३४ पासून माणशी २,५०० डॉलरपर्यंतची ठेव सुरक्षित झाली, जुलैत मर्यादा ५,००० वर गेली. १९३३ मध्ये सुमारे चार हजार बँका बुडाल्या होत्या. १९३४ मध्ये विमा असलेल्या नऊ बुडाल्या. या योजनेत ठेवीदाराला अर्ज करायचा नव्हता, गरिबी सिद्ध करायची नव्हती, कुणाची ओळख लावायची नव्हती. पासबुकावरचे नाव हाच त्याचा हक्क.

आपल्याकडे ठेव विमा १ जानेवारी १९६२ ला आला, तोही दोन बँका बुडाल्यावर, १,५०० रुपयांच्या मर्यादेने. पण त्यात एक फट राहून गेली होती. विम्याचे पैसे बँक अवसायनात, म्हणजे कायमची गुंडाळायला, निघाल्यावर मिळत, नुसते निर्बंध लागल्यावर नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत एक हजार रुपये काढायची मुभा मिळाली, तेव्हा ही फट लोकांना दिसली. विमा होता, मर्यादा कागदावर लिहिलेली होती, फक्त पैसे कधी मिळणार ते लिहिलेले नव्हते. २०२१ च्या दुरुस्तीने ९० दिवसांची मुदत घातली. मर्यादा एक लाखाची पाच लाख झाली याची बातमी मोठी झाली. ठेवीदाराला विचाराल तर तो ९० दिवसांचे कलम आधी दाखवेल.

आता कामांकडे येऊ. न्यू डीलमध्ये सार्वजनिक कामांची दोन घराणी होती आणि त्यांचे आपसांत पटत नसे. पहिले मंत्री हॅरल्ड इक्स यांचे, पीडब्ल्यूए, म्हणजे मोठ्या बांधकामांचे खाते. जून १९३३ च्या कायद्याने त्यासाठी ३.३ अब्ज डॉलर ठेवले, त्या काळात डोळे फिरावेत अशी रक्कम. इक्स यांना भ्रष्टाचाराची धास्ती होती. नगरपालिकेने प्रस्ताव पाठवायचा. मग अभियंते नकाशे पाहणार, वकील नगरपालिकेचा कर्ज काढण्याचा अधिकार तपासणार, वित्तवाले परतफेडीची ऐपत पाहणार. मजुरी आणि मालाच्या खर्चाच्या ३० टक्के अनुदान, उरलेले कर्ज. त्यानंतर निविदा, मग कंत्राटदार, मग मजूर. या चाळणीतून आलेली बांधकामे आजही उभी आहेत, न्यूयॉर्कचा ट्रायबरो पूल त्यातलाच. घोटाळेही फार झाले नाहीत. पण १९३३ चा हिवाळा तोंडावर आला तेव्हा त्या ३.३ अब्जांतला अगदी थोडा पैसा मजुरापर्यंत पोचला होता. पुलाचे नकाशे व्हायला सहा महिने लागतात. मजुराच्या घरातले पीठ तेवढे थांबत नाही.

दुसरे घराणे हॅरी हॉपकिन्स यांचे. मे महिन्यात मदतकार्याची सूत्रे हातात घेतल्यावर पहिल्या दोन तासांत त्यांनी राज्यांना पन्नास लाखांहून जास्त डॉलर मंजूर केले होते. नोव्हेंबरात त्यांनी रूझवेल्ट यांना पटवले की इक्स यांच्या पडून असलेल्या पैशातून ४० कोटी काढून द्या, मी हिवाळ्यापुरती चाळीस लाख माणसे कामाला लावतो. ९ नोव्हेंबरला सीडब्ल्यूए ही हिवाळ्यापुरती रोजगार योजना जन्माला आली. २३ नोव्हेंबरला पहिला पगार झाला, आठ लाखांहून अधिक मजुरांचा. मध्ये फक्त दोन आठवडे.

हे जमले कसे? नवी यंत्रणा उभारत बसले नाहीत म्हणून. युद्धातल्या माजी सैनिकांना पेन्शन वाटणाऱ्या खात्याकडे देशभर कचेऱ्या होत्या, चेक काढणारे कारकून होते, हिशेबाची पद्धत होती. तेच वापरले. सरकारी छापखान्याने रात्रपाळी करून कोरे चेक छापले. कंत्राटदार मधून काढून टाकला. मजूर थेट सरकारच्या हजेरीपटावर. मजुरांपैकी निम्मे मदत घेणाऱ्यांच्या यादीतून घ्यायचे, उरलेले निम्मे नुसते बेकार असले की पुरे. गरिबीची खात्री करायला घरात येऊन पेटीत किती पीठ आहे हे पाहणारी बाई नको. अकुशल मजुराला दक्षिणेत तासाला किमान ४० सेंट आणि उत्तरेत ५०, आठवड्याला तीस तास. म्हणजे दक्षिणेतल्या मजुरालाही आठवड्याला १२ डॉलर, आणि तेही किराणा दुकानाच्या चिठ्ठीच्या रूपात न येता सरकारी चेकने. जानेवारीच्या मध्यापर्यंत बेचाळीस लाख माणसे कामावर होती.

चुका झाल्या, भरपूर झाल्या. गोठलेल्या जमिनीवर माणसे पाठवली गेली. कुठे फावडी माणसांपेक्षा कमी पडली. कामाचे अंदाजपत्रक तयार नव्हते तिथे पाने गोळा करण्याचे काम काढले आणि वर्तमानपत्रांना वर्षभराचा विनोद मिळाला. काही ठिकाणी स्थानिक पुढाऱ्यांनी आपली माणसे घुसवली, तक्रारींचा ढीग झाला. जानेवारीतच तास कापावे लागले, शहरात २४ आणि खेड्यात १५. दक्षिणेतले मळेवाले ओरडू लागले की आमच्या शेतावर यायला माणूस मिळेना. खरी तक्रार मजुरीच्या दराची होती. मार्चअखेर योजना गुंडाळली. पण त्या साडेचार महिन्यांत सुमारे चाळीस हजार शाळा बांधल्या किंवा दुरुस्त झाल्या, आणि हिवाळा पार पडला.

१९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या घरांत हे सगळे ओळखीचे वाटेल. खडी फोडण्याच्या कामांची चेष्टा आपल्याकडेही झाली. चेष्टा करणाऱ्याला अडचण माहीत नसते: माणसे उद्या सकाळी कामावर येणार आणि तांत्रिक मंजुरी मिळालेले काम हाताशी नाही, तर खडीच फोडावी लागते. पुढे रोजगार हमीत शेल्फवर कामे तयार, म्हणजे आधीच मंजूर करून, ठेवण्याचा आग्रह धरला गेला तो यासाठीच. इक्स आणि हॉपकिन्स यांचे भांडण खरे तर इथेच मिटते. नकाशे सुबत्तेच्या वर्षांत करून कपाटात ठेवायचे आणि मंदीत फक्त हजेरीपट उघडायचा. कपाट रिकामे असेल तर मात्र मी हॉपकिन्स यांच्या बाजूचा आहे. घाईत झालेला निकृष्ट रस्ता पुढच्या वर्षी दुरुस्त करता येतो.

१९३५ मध्ये हॉपकिन्स यांनी डब्ल्यूपीए ही मोठी रोजगार यंत्रणा उभारली, ती आठ वर्षे चालली आणि ८५ लाख माणसांना तिने काम दिले. आकडे सगळीकडे मिळतात, तिच्या आतले एक त्रांगडे मात्र फारसे कुणी सांगत नाही. तिची मजुरी महिन्याच्या हिशेबाने बांधलेली होती: दक्षिणेतल्या खेड्यातल्या अकुशल मजुराला १९ डॉलर, उत्तरेतल्या मोठ्या शहरातल्या व्यावसायिकाला ९४. एका घरातून एकच माणूस. कामगार संघटना म्हणाल्या, तासाचा दर बाजारभावानेच हवा, नाहीतर खाजगी कामांचे दर पडतील. रास्त मागणी. पण महिन्याची रक्कम ठरलेली आणि तासाचा दर जास्त, म्हणजे तास कमी. कुशल गवंडी महिन्याचे मोजकेच दिवस कामावर दिसायचा, की त्याची रक्कम पुरी. मग दुसरा गवंडी. अर्धी भिंत एकाच्या हातची, अर्धी दुसऱ्याच्या, मुकादमाला रोज नवी टोळी. फावड्याला टेकून उभ्या मजुरांची जी व्यंगचित्रे निघाली त्यात आळसापेक्षा या गणिताचा वाटा मोठा होता, असे मला वाटते. १९३९ मध्ये काँग्रेसने उलटे टोक गाठले: सगळ्यांना महिन्याला १३० तास, रक्कम जवळपास तीच. कुशल कामगार संपावर गेले. त्याच कायद्याने सलग अठरा महिने झालेल्या मजुराला कामावरून कमी करायचे ठरवले, जणू दीड वर्षाने बाजारात नोकऱ्या आपोआप उगवतात.

जाता जाता, न्यू डीलने बेकारी हटवली नाही असे सांगताना जे आकडे दिले जातात त्यांत डब्ल्यूपीएच्या हजेरीपटावरची माणसे बेकार म्हणून धरलेली असतात. १९३६ ची बेकारी त्या हिशेबाने १६.९ टक्के, तीच माणसे कामावर धरली तर ९.९. दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत. वाद घालणाऱ्याने कोणता घेतला ते आधी विचारावे.

आता चेकवरच्या नावाकडे. शेतीमालाचे भाव सावरण्यासाठी मे १९३३ मध्ये एएए हा शेतीविषयक कायदा झाला: लागवड कमी करा, भरपाई सरकार देईल. कायदा येईपर्यंत कापूस पेरून झाला होता, म्हणून उभे पीक नांगरून टाकायला पैसे दिले गेले, सुमारे एक कोटी एकरांवर. ओळीतले रोप तुडवायचे नाही अशी शिकवण मिळालेली खेचरे त्या ओळींवर पाऊल टाकायला तयार होईनात, असे तेव्हा लोक सांगत. भाव वाढले, पाच-सहा सेंटांचा कापूस दहाच्या घरात गेला. आकड्याने पाहिले तर योजना यशस्वी.

दक्षिणेतला कापूस मात्र बव्हंशी वाटेकरी पिकवत. जमीन मालकाची, खेचर आणि बियाणे मालकाचे, कष्ट वाटेकऱ्याच्या कुटुंबाचे, पीक अर्धेलीने. वर्षभराचे मीठपीठ मालकाच्याच दुकानातून उधारीवर, हिशेब हंगामाच्या शेवटी, वही मालकाकडे. १९३४-३५ च्या कापूस कराराने अशा घराला काय दिले ते पाहा. पडीक ठेवलेल्या जमिनीचे भाडे म्हणून पौंडामागे साडेतीन सेंट. ते जमिनीचे भाडे, म्हणून सगळे मालकाला. वर भावातली तूट भरून काढायला पौंडामागे एक सेंट. तो पिकाच्या वाट्याप्रमाणे, म्हणजे अर्धा मालकाला, अर्धा वाटेकऱ्याला. साडेचार सेंटांत मालकाचे चार, कसणाऱ्याचा अर्धा. नऊ हिश्श्यांतला एक. तोही मालकाच्या हातून यायचा, आणि उधारीची वही मध्ये असल्याने बहुतेकदा वहीतच जिरायचा.

शिवाय निम्मी-पाऊण जमीनच कसायची असेल तर तेवढी कुटुंबे कशाला हवीत? करारात कलम होते की मालकाने ‘शक्य तितपत’ आपले वाटेकरी टिकवावेत. शक्य काय ते ठरवणार कोण, तर तालुक्याची समिती. तिच्यात शेजारचेच जमीनमालक. जुलै १९३४ मध्ये आर्कान्सामधल्या टायरोन्झा या गावी गोऱ्या आणि काळ्या वाटेकऱ्यांनी मिळून संघटना काढली. फेब्रुवारी १९३५ मध्ये कृषी खात्यातल्या काही तरुण वकिलांनी त्या कलमाचा अर्थ लावला की मालकाने तीच माणसे ठेवली पाहिजेत. वाटेकरी वाचले नाहीत, वकिलांची नोकरी गेली.

कुणी म्हणेल, मग चेक सरळ वाटेकऱ्याच्या नावाने काढायचा. पुढे तेही झाले. जुना कायदा न्यायालयाने जानेवारी १९३६ मध्ये रद्द केल्यावर आलेल्या नव्या पद्धतीत वाटेकऱ्याचा हिस्सा थेट देण्याची सोय झाली. मालकांनी त्यावर तोड काढली: वाटेकरीच नको, रोजंदारीवरचा मजूर ठेवू. मजुराला वाटा नाही, म्हणजे चेकही नाही. जानेवारी १९३९ मध्ये मिसूरीच्या आग्नेय कोपऱ्यात शेकडो बेदखल कुटुंबे भर थंडीत बिछाने, चुली आणि कोंबड्या घेऊन महामार्गाच्या कडेला येऊन बसली. चेकवर नाव बदलले तरी जमिनीवर राहण्याचा हक्क कागदावर नसेल तर नाव खोडायला वेळ लागत नाही.

आपल्याकडे पीएम-किसानचे वर्षाचे सहा हजार रुपये सातबाऱ्यावर नाव असलेल्या कुटुंबाला जातात. बटाईने कसणाऱ्याचे नाव कुठेच नाही, कारण ते लिहिले तर कूळ लागेल ही मालकाची भीती. कुळकायद्याने ज्याला जमीन दिली त्याच्या नातवाने आज स्वतःची जमीन बटाईने लावताना कागद टाळावा, यातला विरोधाभास कडू आहे. भीती मात्र खरी आहे, आणि ती दूर होईल असा भाडेपट्ट्याचा कायदा झाल्याशिवाय ती नावे यादीत येणार नाहीत.

घरकर्जाच्या बाबतीत वाट बरी निवडली गेली. जुनी कर्जे तीन ते पाच वर्षांची, दरम्यान फक्त व्याज आणि शेवटी मुद्दल एकदम. मंदीत ते नव्याने फिरवून द्यायला कुणी तयार नव्हते. १९३३ मध्ये सरकारी महामंडळाने सावकारांना रोखे देऊन अशी सुमारे दहा लाख कर्जे विकत घेतली आणि घरमालकाला पंधरा वर्षांचा, पाच टक्क्यांचा, मुद्दल-व्याज एकत्र असलेला हप्ता बांधून दिला. तरीही जवळजवळ दोन लाख घरे शेवटी जप्त झालीच. पण उरलेल्या आठ लाखांनी कर्ज फेडले. आज आपण ज्याला ईएमआय म्हणतो तो प्रकार अमेरिकेत सर्वसाधारण झाला यात या कामाचा मोठा हात.

मग १९३७. परिस्थिती सुधारतेय असे दिसताच रूझवेल्ट यांना अंदाजपत्रक जुळवण्याची घाई झाली. डब्ल्यूपीएचा खर्च कापला. त्याच वर्षी जानेवारीत सोशल सिक्युरिटी या म्हातारपणाच्या पेन्शन योजनेसाठी पगारातून कपात सुरू झाली, कामगाराची एक टक्का आणि मालकाची एक टक्का. मासिक पेन्शन मात्र प्रत्यक्षात १९४० मध्ये सुरू झाली. म्हणजे तीन वर्षे जवळपास नुसती वसुली. वर फेडरल रिझर्व्हने बँकांनी राखून ठेवायची रक्कम तीन टप्प्यांत दुप्पट केली. औद्योगिक उत्पादन सुमारे एकतृतीयांशाने कोसळले, बेकारी १४ वरून १९ टक्क्यांवर गेली. एप्रिल १९३८ मध्ये पुन्हा अब्जावधींच्या खर्चाची मागणी घेऊन काँग्रेसपुढे जावे लागले. चांगली मोट बांधून मध्येच बैल सोडण्यातला हा प्रकार.

सोशल सिक्युरिटी टिकली, ठेव विम्यासारखीच, कारण तिथेही हक्क नोंदीवर होता, मर्जीवर नव्हता. पण १९३५ च्या कायद्याने दोन वर्ग नोंदीतूनच वगळले: शेतमजूर आणि घरकाम करणारे. वसुली अवघड आहे हे कारण सांगितले गेले, आणि ते अगदी खोटे नव्हते. काळ्या कामगारांपैकी जवळपास दोनतृतीयांश याच दोन वर्गांत होते, ही गोष्ट संसदेच्या दक्षिणेतल्या सभासदांना गैरसोयीची वाटली नाही. नियमित शेतमजूर आणि घरकामगार यांना आत घेणारी दुरुस्ती झाली १९५० मध्ये. दक्षिणेत १९३० च्या गणनेत पावणेआठ लाख असलेली वाटेकरी कुटुंबे तोवर साडेतीन लाखांच्या आत आली होती, आणि त्यांच्या वाट्याच्या जमिनीवर ट्रॅक्टर फिरत होते.